ओपन स्पेसमध्ये पेव्हर ब्लॉक की कडुनिंब?

वाघूरचं_पाणी
आमच्या जळगावातल्या कॉलनीची ओपन स्पेस यंदा 'सुशोभित' होतेय. सुशोभित म्हणजे काय, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, चार सिमेंटची बाकडी, मधोमध हायमास्टचा उंच दिवा. कोपऱ्यातले कडुनिंब आड येतात म्हणून त्यांच्या खोडावर चुन्याच्या खुणाही झाल्या. माझा विरोध आहे.

मोठा लेआउट मंजूर करताना १० टक्के जागा मोकळी सोडायला लावतात, ती फरशी टाकायला नव्हे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्री ओकतं. रात्री नऊला त्या बाकड्यावर टेकून दाखवा. टेकवत नाही म्हणून माणसं घरात, घरात म्हणून एसी, आणि एसीचा बाहेरचा डबा गरम हवा पुन्हा त्याच गल्लीत सोडतो. दोनशे मीटरवरच्या किराणा दुकानात जायला आपण स्कूटी काढतो, कारण वाटेत सावलीचा तुकडा नाही. वर आपणच म्हणतो, लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. लोक तसे नाहीत हो, गल्ली तशी बांधली आहे.

बिबडेवाली_वहिनी
दादा, तुम्ही हे उन्हाळ्यात लिहिताय. जुलैत या. काळ्या मातीत चप्पल अशी रुतते की पाय वर येतो आणि चप्पल खाली राहते. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात रोज चाला. कुठे चालू, चिखलात?

आणि सावली सगळ्यांनाच हवी असते हे कोणी ठरवलं? बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया वाळायला कडक ऊन लागतं. अपार्टमेंटच्या गच्चीला कुलूप असतं. निंबोळ्या पडायला लागल्या की खाली सगळा चिकचिकाट, त्यावर माशा. सावलीचं कौतुक त्यालाच, ज्याला सकाळी पाला झाडावा लागत नाही.

वाघूरचं_पाणी
वहिनी, निंबाचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतो आणि पाडव्यापर्यंत नवी पालवी येते. म्हणजे ऊन तापायच्या वेळेला झाड पुन्हा भरलेलं. एवढं वेळेचं भान दुसऱ्या कुठल्या झाडाला आहे? आणि काळ्या मातीवरचे पेव्हर किती टिकतात तेही बघा. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ब्लॉक वरखाली. सासूबाई त्यालाच अडखळतील.

मेहरूण_काठ
यात नुसतं ऊन-सावलीचं नाही, मनाचंही आहे. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. झाड नुसतं दिसलं तरी एवढा फरक!

गणिताचे_सर
४६ रुग्ण, एक दवाखाना, तोही अमेरिकेतला. अभ्यास चांगला आहे, पण त्यावरून आमच्या गल्लीतली भांडणं मिटतील असं म्हणू नका. खिडकीतून झाड बघणारा माणूस पलंगावर पडून होता. त्याला टँकरच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं.

मूळ मुद्द्यालाच माझा आक्षेप आहे. 'जागा नीट बांधा, माणसं आपोआप नीट वागतील' हे उलटं आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव घ्या. तिथे आधी जंगल आलं आणि मग लोक शहाणे झाले, असं नाही घडलं. गावाने आधी कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला. जंगल त्यानंतर उभं राहिलं, साडेचारशे हेक्टरच्या आसपास. त्या गावच्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती रोपं लावल्याची नव्हे, गावाला नियमावर टिकवून ठेवल्याची. तुमच्या कॉलनीत झाडांना पाणी घालायचा नियम आहे का एकतरी?

पांझरा_पाट
सर, अर्धं पटलं. आमच्याकडची पाणी वाटून घ्यायची फड पद्धत बघा, तीन-चारशे वर्षं जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाण्याचं दार उघडायचं ते पाट सांभाळणाऱ्या पाटकऱ्याने, शेतकऱ्याने नाही. हा नियम खराच. पण पाटाची रचनाच अशी की उताराने पाणी येतं, एकट्याने वेगळं पीक घेतलं तर त्याची पाळी सगळ्या फडाशी जुळत नाही. म्हणजे बांधकामानेच नियम पाळायला भाग पाडलं. नियम आधी की रचना आधी, हा वाद घालत बसलो तर दोन्ही राहून जाईल. पेव्हर टाकला की मात्र नियम करायलाही काही उरत नाही. फरशीला पाणी कोण घालणार?

आप्पा_धरणगाव
तुमनं म्हननं खरं शे भाऊ, पन झाडेसले पानी कोन टाकी? नळ रोज येत नाही. वृक्षारोपणाचे फोटो काढायला पन्नास जण, मे महिन्यात बादली धरायला एक नाही. आमच्या गल्लीत पिंजरे उभे आहेत, झाडं नाहीत. पिंजऱ्यात आता लोक कचऱ्याच्या पिशव्या टाकतात.

वाघूरचं_पाणी
आप्पा, हे तीन निंब चांगले मोठे आहेत. त्यांना बादली लागत नाही, मुळं खाली गेलेली आहेत. मी नवीन काही लावा म्हणत नाही, आहे ते पाडू नका म्हणतोय. वहिनींसाठी कडेने सहा फुटांची पक्की वाट करा, खाली मुरूम नीट दाबून. दक्षिणेकडचा कोपरा उन्हाचा आहे, तिथे वाळवणासाठी ओटा बांधा. बाकी माती राहू द्या. पाणी जमिनीत तरी मुरेल, रस्त्यावर तळं होणार नाही. खर्चही कमीच येईल, आणि अडचण बहुतेक तीच आहे.

गणिताचे_सर
शेवटचं वाक्य खरं बोललात.

बिबडेवाली_वहिनी
वाट आणि ओटा कागदावर लिहून द्या, मग सही करते. नगरसेवकाला फोनही मीच लावते, तुमचा ते उचलत नाहीत. पण पाला झाडायच्या पाळ्यांची यादी आधी गेटवर लागली पाहिजे, आणि त्यात फक्त बायकांची नावं दिसली तर निंब मीच पाडायला लावेन.