कुणी गेलं की लगेच स्टेटस, पटतं का तुम्हाला?

कृष्णाकाठचा, सांगली:
मंडळी, लै दिवस डोक्यात होतं. नोव्हेंबर 2022 मध्ये रात्री बातमी फिरली की विक्रम गोखले गेले, आमच्या शाळेच्या ग्रुपवर दहा मिनिटांत हात जोडलेल्यांची रांग, एकानं तर फोटोला काळी पट्टी, खाली समई, सगळं तयार. मग घरच्यांनी सांगितलं की ते आहेत, पुण्यात उपचार चालू आहेत. प्रत्यक्षात गेले 26 तारखेला आणि तेव्हा ग्रुप शांत, कारण श्रद्धांजली आधीच वाहून झालेली! हे दुःख म्हणायचं का पहिला नंबर लावायची घाई?

मिरजेची माई:
एवढं काय त्यात. लतादीदी गेल्या त्या दिवशी, 6 फेब्रुवारी 2022, रविवार होता, मी मेथी निवडत बसलेले, ती जुडी तशीच राहिली संध्याकाळपर्यंत. सासूबाईंना फार कौतुक, मंगेशकर सांगलीत राहायचे ना पूर्वी. त्यांना मोबाईल येत नाही, म्हणाल्या माझ्या नावानं लिही चार ओळी. लिहिल्या मी. ते पण नाटक का?

कृष्णाकाठचा:
माई तुमचं नाही हो, तुम्ही स्वतः लिहिलंत. मी "कधीही न भरून येणारी पोकळी"वाल्यांबद्दल बोलतोय.

सातारी कंदी:
पोकळी आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर पण असते, गेलेला माणूस कोपऱ्यात आणि शोकाकुल भाऊ गॉगल लावून मधोमध 😂 पण मला माईंचं पटतं. आशालता वाबगावकर 22 सप्टेंबर 2020 ला इथंच साताऱ्यात गेल्या, मालिकेच्या शूटिंगला आलेल्या, कोरोना झाला. त्या दिवसांत सख्ख्या मामाच्या मातीला जाता आलं नाही आम्हाला, मग अशा बाईंसाठी फेसबुकवर चार शब्द लिहिण्याशिवाय माणूस काय करणार होता सांगा.

तासगावचा बेदाणा:
कोरोनाचं सोडा, ते वेगळं. आत्ताचं बोला. मागच्या साली आमचे चुलते गेले, आयुष्यभर गल्लीतल्या प्रत्येकाच्या लग्नात पंगत वाढलेला माणूस. मातीला बावीस जण, त्यातले दोघं घड्याळ बघत. त्याच आठवड्यात एक हिंदी नट गेला तर तीच गल्ली "झोप लागत नाही"! त्याचा पिक्चर तरी बघितलाय का विचारलं तर म्हणतो रील बघितलंय.

मिरजेची माई:
चुलत्यांचं वाईट वाटलं. पण तो राग त्या बावीसांच्या बाहेर राहिलेल्यांवर काढा की, नटावर कशाला. आणि रील बघून वाईट वाटू नये असा कायदा आहे का?

तासगावचा बेदाणा:
कायदा नाही. लाज आहे.

वाई एक्सप्रेस:
मी आपलं सोपं केलंय. 2 फेब्रुवारी 2024 ला पूनम पांडे गेली म्हणून तिच्याच अकाउंटवर पोस्ट आली, मी लगेच स्टेटस टाकलं, दुसऱ्या दिवशी बाई स्वतः व्हिडिओत हजर, म्हणे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जनजागृती. बायको अजून हसते. तेव्हापासून तेरावं झाल्याशिवाय कुणालाच श्रद्धांजली नाही 🙏

सातारी कंदी:
तेराव्याला स्टेटस टाकलं तर लोक म्हणतील ह्याला आत्ता कळलं होय.

कृष्णाकाठचा:
थांबा जरा, त्या काळी पट्टीवाल्याचा मेसेज आलाय. धागा वाचला त्यानं. म्हणतो "माझ्याखाली तिसरे हात तुझेच होते, स्क्रीनशॉट टाकू का?"