मदत हवी आहे : व्हायरसची खरी सूचना आणि खोटी सूचना ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला नंदनवनात राहते. इतवारीतल्या आठ-दहा व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीचं काम घरूनच करते. घरात लॅपटॉप एकच आहे, विंडोज १०चा. दिवसा तो माझ्याकडे असतो आणि रात्री जेवणं झाली की सासऱ्यांकडे. ते त्यावर जुन्या पोथ्यांच्या पीडीएफ शोधत बसतात. डोळ्यांना त्रास होतो म्हणून अक्षरं मोठी करून वाचतात, आणि त्यात त्यांचा वेळ फार छान जातो. म्हणून "लॅपटॉपला हात लावू नका" हे उत्तर कृपया देऊ नका.

गेल्या महिन्याची १९ तारीख. दुसऱ्या दिवशी थ्रीबी (जीएसटीचं दर महिन्याचं विवरणपत्र) भरायची शेवटची तारीख होती, तीन जणांचं काम बाकी होतं आणि मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून बाबांची हाक आली, "सूनबाई, हे काय होऊन राहिलं?" येऊन बघते तर अख्खा स्क्रीन निळा आणि त्यावर लाल चौकट. भोंगा वाजतोय, एक बाई इंग्रजीत सांगतेय की कॉम्प्युटर लॉक झाला आहे. खाली टोल फ्री नंबर. त्याच्याखाली आमचा आयपी क्रमांक, म्हणजे इंटरनेटवरचा आमचा पत्ता, आणि स्पष्ट "नागपूर, महाराष्ट्र". बाबांना सगळ्यात जास्त धक्का बसला तो त्या गावाच्या नावाचा. "त्यांना आपलं गाव कसं माहीत?" हे त्यांनी चारदा विचारलं. माउस हलेना. मी बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप बंद केला. नंबर लावला नाही.

दुसरी गोष्ट. त्यानंतर रोज उजव्या कोपऱ्यात खाली चौकटी येतात. लाल ढाल, "५ व्हायरस सापडले", "तुमचं अँटिव्हायरस आज संपलं". दिवसातून वीस वेळा तरी. मी फुली दाबत गेले.

आणि तिसरी, जिच्यामुळे हा धागा काढला. परवा एका व्यापाऱ्याच्या मुनीमजींनी बिलांचा पेनड्राइव्ह दिला. लावला तर फोल्डरच्या जागी सगळे शॉर्टकट. त्याच वेळी कोपऱ्यात अजून एक चौकट आली, "थ्रेट्स फाउंड" अशी. हाताला सवय लागली होती, तीही फुली दाबून घालवली. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की ती वेगळी दिसत होती. लाल नव्हती, आवाज नव्हता, साधी होती. ती खरी असेल तर?

माझ्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं आहे. त्यांनी विश्वासाने दिलं आहे. मला एवढंच सांगा, यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, आणि पुढच्या वेळी मी आणि बाबा दोघांनी ते ओळखायचं कसं?

प्रतिसाद, फुटाळा :

ताई, सगळ्यात आधी, नंबर लावला नाही हे फार चांगलं केलं. पहिली गोष्ट शंभर टक्के खोटी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. नंबर दिसला की तिथेच विषय संपला.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना जरूर सांगा, कारण तीच भीती मनात राहते. कुठलीही वेबसाइट उघडली की आपला आयपी क्रमांक तिला कळतोच, नाहीतर पान आपल्यापर्यंत पोहोचणार कसं? त्या क्रमांकावरून गावाचा अंदाज बांधता येतो. हवामानाची साइट न विचारता नागपूरचं तापमान दाखवते ना, तेच हे. त्यांना घर माहीत नाही, नाव माहीत नाही. आणि मुख्य म्हणजे ब्राउझरमधलं एखादं पान तुमच्या डिस्कवरच्या फायली तपासूच शकत नाही. ते "स्कॅन चालू आहे" म्हणून जी पट्टी सरकवतात ते नुसतं चित्र असतं.

माउस अडकला तर एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, फुलस्क्रीन सुटतो. नाहीच सुटला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजर उघडेल, तिथून क्रोम बंद करा. पुन्हा उघडताना क्रोम "आधीची पानं परत आणू का?" विचारेल, तेव्हा नाही म्हणा.

दुसऱ्याबद्दल एक विचारतो. त्या लाल ढालीच्या चौकटीत बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं?

धागाकर्ती :

आत्ताच एक आली, वाचून सांगते. "गूगल क्रोम" लिहिलं आहे आणि त्याच्या बाजूला एक विचित्र पत्ता, नुसती अक्षरं आणि आकडे, शेवटी डॉट आणि काहीतरी.

प्रतिसाद, फुटाळा :

सापडलं. हा व्हायरस नाही, नोटिफिकेशन आहे. बाबा पीडीएफ शोधताना एखाद्या साइटने "मी रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं म्हटलं असणार आणि त्यांनी दाबलं. तेवढ्याने त्या साइटला तुमच्या कोपऱ्यात हवं तेव्हा चिठ्ठी टाकायची परवानगी मिळाली. साइट बंद केली तरी चिठ्ठ्या येतच राहतात.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढून टाका. वरतीच "साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" असाही पर्याय आहे, तो निवडा. बाबांचं पोथीवाचन त्याने अडत नाही.

आता तिसरी. माझ्या मते ती खरी आहे. पण माझ्या मतावर विसंबू नका, तपासा. स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" टाइप करून स्वतः उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग प्रोटेक्शन हिस्टरी. डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, काही पकडलं असेल तर तारीख, वेळ आणि फाइलच्या नावासकट तिथे नोंद असते. तुम्ही चौकट फुली दाबून घालवली म्हणून नोंद जात नाही. मी माझ्या आईलाही हेच शिकवलं आहे : चौकट कितीही खरी वाटो, तिच्यावर बोट ठेवायचं नाही. ती बंद करायची आणि आपण आपल्या दाराने आत जाऊन बघायचं. खरी असेल तर आत नोंद असेल, खोटी असेल तर आत काहीच नसेल. रंग, चिन्ह, अक्षरं यावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, कारण त्या सगळ्याची नक्कल होते.

प्रतिसाद, जुनी_शुक्रवारी :

सरळ फॉरमॅट मारा ताई. बर्डीवर कोणीही करून देईल तासाभरात. उगाच डोक्याला ताप कशाला?

प्रतिसाद, अंबाझरी_काठ :

भाऊ, असं नका सांगू. त्यांच्या मशीनवर दहा व्यापाऱ्यांचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आहे, बॅकअप आहे की नाही माहीत नाही. नोटिफिकेशनसाठी फॉरमॅट म्हणजे झुरळ दिसलं म्हणून घर पाडणं.

ताई, मी मनीषनगरला राहते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं सांगते, ते नोकरीतून निवृत्त झालेले, अतिशय सावध माणूस. त्यांनी असाच नंबर लावला होता. समोरच्याने आधी एक रिमोटचं ॲप घ्यायला लावलं, दूर बसून स्क्रीन हाताळता येतो ते. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींची यादी, उघडून दाखवला. त्यात लाल खुणांची रांग होती. "बघा, हे सगळे व्हायरस." काकांचा विश्वास बसला, कारण ते त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये, त्यांच्या डोळ्यांसमोर दिसत होतं. खरं तर त्या लाल खुणा धडधाकट विंडोजमध्येही शेकड्यांनी असतात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, असल्या किरकोळ नोंदी. पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. "सर्व्हिस चार्ज" भरताना त्यांनी नेटबँकिंग उघडलं, स्क्रीन त्याच्या ताब्यात होताच.

त्यांच्या मुलीने १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन केला आणि बँकेलाही कळवलं, म्हणून रकमेचा काही भाग पुढे सरकण्याआधी थांबवता आला. बाकीचा गेला. काका त्यानंतर दोन महिने खाली कट्ट्यावर आले नाहीत. पैशापेक्षा मला त्याचंच वाईट वाटलं. बाबांना हे सांगाल तेव्हा रागावून नका सांगू. माणूस घाबरला की नंबर लावतो आणि रागावलं की लपवतो.

असं कोणाचं झालं तर आधी नेट तोडायचं, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेला कळवल्यानंतर जे अनधिकृत व्यवहार होतील त्यांचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणून कळवण्याची वेळ लिहून ठेवायची, तक्रार क्रमांक मागून घ्यायचा.

प्रतिसाद, फुटाळा :

काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. ताई, दोन गोष्टी राहिल्या. एक, "अँटिव्हायरस संपलं" ही सूचना दर वेळी खोटीच असते असं नाही. लॅपटॉपसोबत काही महिन्यांचं चाचणी अँटिव्हायरस येतं आणि ते मुदत संपल्यावर खरोखरच मागे लागतं. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी बघा. ते नाव यादीत असेल तर सूचना त्या ॲपची असू शकते, नको असेल तर तिथूनच काढा, डिफेंडर आपोआप काम हाती घेतं. यादीत नाव नसेल तर जे कधी बसवलंच नाही ते संपेल कसं?

दोन, फुलस्क्रीन म्हणजे खोटं असंही धरू नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याबद्दल मायक्रोसॉफ्टने खरोखरच फुलस्क्रीन संदेश दाखवले. क्रोमचं लाल रंगाचं "धोकादायक साइट" हे पानही खरं असतं. पण ते तुम्हाला मागे जायला सांगतं. कुठे फोन करा, काही डाउनलोड करा, असं सांगत नाही.

आणि हल्ली एक फार वाईट प्रकार आला आहे. "रोबोट नाही हे सिद्ध करा" म्हणत विंडोजचं बटण आणि आर, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर दाबायला सांगतात. ते केलं की आपल्याच हाताने आपण त्यांची आज्ञा चालवतो. बाबांना हे नक्की दाखवा.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी बाबांना शेजारी बसवूनच सगळं केलं.

नोटिफिकेशनच्या यादीत अकरा अनोळखी साइट होत्या. काढल्या. तेव्हापासून एकही चौकट आली नाही, घर शांत झाल्यासारखं वाटतंय.

प्रोटेक्शन हिस्टरी उघडली आणि पोटात गोळा आला. परवाच्या तारखेला दोन नोंदी, दोन्ही पेनड्राइव्हच्या. एक "क्वारंटाइन्ड", म्हणजे डिफेंडरने आधीच बाजूला ठेवलेली. दुसरीवर "ॲक्शन नीडेड". ती माझी वाट बघत बसली होती आणि मी फुली दाबून झोपायला गेले होते. रिमूव्ह केलं. मग पूर्ण स्कॅन लावला, त्याला पावणेतीन तास लागले. त्यानंतर ऑफलाइन स्कॅनही केला, त्यात लॅपटॉप स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, ते बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं. दोन्हींत काही सापडलं नाही.

बाबांनी एका जुन्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं आहे : "नंबर दिसला – बंद. अलाउ विचारलं – नाही. शंका आली – सूनबाईला हाक." तिसरी ओळ त्यांची स्वतःची.

एक विचारायचं राहिलं. मुनीमजींना फोन केला, तर ते म्हणतात त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही फोल्डर "गायब" आहेत आणि तोच पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातही लागतो. त्यांची मूळ बिलं गेली का?

प्रतिसाद, फुटाळा :

बहुतेक नाही. असे व्हायरस मूळ फोल्डर पुसत नाहीत, लपवतात आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतात. त्यांना सांगा, कुठल्याही शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. आधी दुकानातल्या कॉम्प्युटरचा पूर्ण स्कॅन, मग पेनड्राइव्हचा, आणि लपलेले फोल्डर त्यानंतर बाहेर काढायचे. उलट क्रमाने केलं तर पेनड्राइव्हला पुन्हा व्हायरस लागेल. ते तयार असतील तर रविवारी सकाळी मी इतवारीत येतो, सोबत बसून करू.

धागाकर्ती :

विचारलं, हो म्हणाले. रविवारी दुकान बंद असतं, पण ते साडेनऊला उघडतो म्हणाले. पेनड्राइव्ह मी पाकिटात घालून वर "लावू नये" लिहून ठेवला आहे, सोबत घेऊन येते.