टॉर्की, जॅन जक की अँगलसी? घर कुठे घ्यावं?

सागरओढ:

नमस्कार मंडळी. आम्ही ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या पश्चिमेला विंडम व्हेलला भाड्याने राहतो. पीआर झाला, आता पहिलं घर घ्यायचंय आणि ते सर्फ कोस्टलाच (टॉर्की-अँगलसीचा समुद्रकिनारा), हे घरात सगळ्यांचं ठरलंय. मुलगी ११ वर्षांची आहे, तिला सर्फिंगचं वेड आहे. माझं ऑफिस मेलबर्नच्या डॉकलँड्सला, आठवड्यातून दोन दिवस जावं लागतं. नवरा घरूनच काम करतो. सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ७४, गाडी चालवत नाहीत. बजेट ओढूनताणून साडेनऊ लाख डॉलर.

तीन घरं डोळ्यांसमोर आहेत. टॉर्की नॉर्थला नवं, चार बेडरूमचं, पण समुद्रावर चालत जाता येणार नाही. जॅन जकला दोन बेडरूमचं जुनं लाकडी घर, बेडरूममधून समुद्राची गाज ऐकू येते. अँगलसीत झाडीतलं, बाल्कनीतून पाण्याची एक पट्टी दिसते. माझं मन जॅन जकवर बसलंय. तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

चुनखडी:

ताई, मी जॅन जकला बरीच वर्षं राहतो आणि घरं तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॉर्की आणि जॅन जकमध्ये फक्त स्प्रिंग क्रीक आहे. पूल ओलांडला की गाव बदललं. किनारे मात्र फार वेगळे आहेत. टॉर्कीचा फ्रंट बीच शांत, कोझी कॉर्नरला लहान मुलं डुंबतात. जॅन जकचा किनारा उघडा आहे, सदर्न ओशनची लाट थेट येते आणि रिप करंट (आत समुद्रात ओढून नेणारा प्रवाह) जोरदार असतो. तिथे तुमच्यापैकी कुणीतरी सोबत असल्याशिवाय मुलीला पाण्यात पाठवू नका, आणि पोहायचं ते लाइफगार्डच्या झेंड्यांच्या मधेच. बेल्स बीच तर अजून पुढची गोष्ट. १९६२ पासून तिथे सर्फिंगची स्पर्धा भरते ती उगीच नाही. त्या लाटेला अनुभव लागतो.

आता घराकडे येऊ. आपण भारतातून आलेले लोक इथे एका गोष्टीत हमखास गोंधळतो. इथे ऊन उत्तरेकडून येतं आणि समुद्र आहे दक्षिणेला. त्यामुळे जाहिरातीत ज्या मोठ्या खिडकीतून पाणी दिसतं, ती बहुतेक वेळा घराची थंड बाजू असते. नैऋत्येचा वारा तिच्यावरच आदळतो. घर बघायला जाताना होकायंत्र उघडा. बसायच्या खोलीला उत्तरेचं ऊन मिळतंय का, हे समुद्र दिसण्याआधी बघा. सासूबाई दिवसभर घरात असणार, जुलैच्या थंडीत त्यांना ते ऊन हवं असेल.

खारी हवा धातू खाते. एसीचं बाहेरचं युनिट, सरकत्या दारांची चाकं, डेकचे स्क्रू, पन्हाळी, सगळं हात लावून बघा. किनाऱ्याजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील लागतं, साधं गॅल्व्हनाइज्ड फार टिकत नाही. जुन्या बीच हाउसमध्ये सिमेंटच्या पातळ शीट असतील तर ॲस्बेस्टॉस असू शकतो. ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी २००३ च्या शेवटच्या दिवशी आली, त्यामुळे ‘नंतर भिंत पाडून मोठं करू’ असा विचार असेल तर आधी चाचणी. वाळवीसकट बिल्डिंग ॲण्ड पेस्ट (बांधकाम आणि कीड) तपासणी करूनच घ्या, आणि तपासणीस एजंटच्या ओळखीचा नको, तुम्ही शोधलेला हवा.

जॅन जकचं ते घर कड्याजवळ असेल तर जपून. हे कडे ठिसूळ आहेत, कडेला कुंपण आणि पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. आपल्या व्हिक्टोरिया राज्याचं किनारी धोरण २१०० पर्यंत समुद्र किमान ०.८ मीटर वाढेल असं धरून चालतं. व्हिकप्लॅनवर (राज्याचा ऑनलाइन नियोजन नकाशा) पत्ता टाकला की त्या जागेचे झोन आणि ओव्हरले (पूर, आग अशांसाठीचे जादा नियम) फुकट दिसतात. तेवढं आजच करा.

पावसाळी_पाखरू:

मी अँगलसीत राहते, जवळच्या जिलाँग शहरात हॉस्पिटलात नर्स आहे. अँगलसी मला जीवापाड आवडतं. मागे हीथ (खुरट्या झुडपांचं रान) आहे, वसंतात रानऑर्किड फुलतात, गोल्फ कोर्सवर कांगारू चरत असतात. पण सासूबाईंचं वाचलं म्हणून आगीबद्दल लिहिते.

१६ फेब्रुवारी १९८३ ला, ॲश वेन्सडेला, डीन्स मार्शकडून निघालेली आग लॉर्न, एअरीज इनलेट करत अँगलसीपर्यंत आली आणि शेकडो घरं गेली. अशा दिवशी आधी उत्तरेचा तापलेला वारा सुटतो. सर्फर ज्याला ऑफशोअर (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) म्हणून खूश होतात तोच. मग एकाएकी नैऋत्येकडे फिरतो. आगीची लांबच लांब बाजू मग आगीचं तोंड होते. वारा फिरतो तेव्हा खरा घात होतो.

म्हणून इथे ‘कॅटास्ट्रॉफिक’ (आगीच्या धोक्याची सर्वांत वरची पातळी) दिवस जाहीर झाला की धुराची वाट न बघता आदल्या रात्री किंवा पहाटेच गाव सोडायचं. बाहेर पडायला रस्ते मोजकेच आणि झाडीतून जाणारे. गाडी न चालवणारी व्यक्ती दुपारी घरात एकटी असेल, तर तो दिवस कसा काढायचा याचं उत्तर घर घेण्याआधी हवं.

झाडीतल्या त्या घराचा पत्ता बुशफायर मॅनेजमेंट ओव्हरलेमध्ये (वणव्याच्या धोक्याचा पट्टा) येतो का, बघा. येत असेल तर पुढे घर वाढवताना बीएएल रेटिंगप्रमाणे (बुशफायर अटॅक लेव्हल, आकडा जितका मोठा तितका धोका जास्त) काचा, जाळ्या, डेक सगळं बदलतं. बीएएल १२.५ आणि बीएएल ४० मध्ये खर्चाचा फार मोठा फरक आहे.

सागरओढ:

दोघांचेही मनापासून आभार. उत्तरेच्या उन्हाचं तर लक्षातच आलं नव्हतं. ऑफिसला जाण्याचं काय? आणि स्टॅम्प ड्युटीत पहिल्या घराची सवलत मिळेल का?

हिशोबी:

सवलत नाही. पहिल्या घराला व्हिक्टोरियात ६ लाखांपर्यंत पूर्ण माफी, ७.५ लाखांपर्यंत कमी होत जाणारी सवलत, त्यावर काही नाही. ९ लाखांच्या घरावर ड्युटी ४९,००० च्या आसपास येईल. साडेनऊ लाख हे ड्युटीसकट धरलंय की वेगळं, हे आज रात्री नवऱ्याबरोबर बसून ठरवा.

टॉर्कीला रेल्वे नाही. गाडीने वॉर्न पाँड्स किंवा मार्शल स्टेशन, तिथून ट्रेनने डॉकलँड्सजवळचं सदर्न क्रॉस स्टेशन. २०२३ पासून रिजनल गाडीचं दिवसाचं भाडं मेट्रोइतकंच झालंय, तेवढा दिलासा. दोन दिवस निभेल, पाच दिवस असते तर मी नको म्हटलं असतं. टॉर्की-जॅन जकहून जिलाँग स्टेशनला बस आहे, सासूबाईंना ती उपयोगी पडेल. अँगलसीहून बस फार कमी.

ऑक्शनला घेतलं तर तीन कामकाजी दिवसांचा कूलिंग-ऑफ (सही केल्यावर माघार घेण्याची मुदत) मिळत नाही. सेक्शन ३२ (विकणाऱ्याने घराबद्दल द्यायचं निवेदन) आधीच कन्व्हेयन्सरकडून (खरेदीची कागदपत्रं बघणारा) वाचून घ्या.

चुनखडी:

माझं मत विचाराल तर तिन्ही सोडा. जुन्या टॉर्कीत, फ्रंट बीच आणि स्प्रिंग क्रीकच्या मधल्या गल्ल्यांत युनिट किंवा टाउनहाउस शोधा. अंगण नसेल, पण सासूबाई दुकानात, डॉक्टरकडे पायी जातील, मुलगी बोर्ड काखेत मारून फ्रंट बीचला जाईल आणि दोन वर्षांत क्रीक ओलांडून जॅन जकला यायला लागेल. टॉर्की नॉर्थचं घर चांगलं असेल, पण दर वेळी गाडी काढावी लागली की समुद्र फक्त शनिवार-रविवारपुरता उरतो. तेवढं तर तुम्हाला विंडम व्हेलहूनही मिळतंय.

आणि पावसाळी जुलैत, एखाद्या मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता येऊन त्या गल्ल्यांतून चाला. जानेवारीतली टॉर्की पाहुण्यांची असते. राहायचं तुम्हाला जुलैतल्या टॉर्कीत आहे.

सागरओढ:

तसंच करू. युनिट घेताना ओनर्स कॉर्पोरेशनचं (घरमालकांची सोसायटी) काय बघायचं?

चुनखडी:

मागच्या तीन वर्षांची मीटिंगची इतिवृत्तं मागा. छत, बाल्कनीचे कठडे आणि बाहेरचा रंग यांसाठी वेगळा निधी आहे का ते वाचा. खाऱ्या हवेत ही कामं शहरापेक्षा लवकर निघतात, आणि निधी नसेल तर एक दिवस सगळ्यांच्या नावे मोठं बिल येतं. पत्ता देऊन विम्याचं कोटेशन सही करण्याआधी घ्या. इमारतीचा विमा ओनर्स कॉर्पोरेशनचा असेल तर त्याची पावतीही बघा.