मुधोळ कुत्रीला ग्रेहाउंडचा लाग द्यावा का? खाणं आणि राखणीबद्दलपण विचारायचंय

भातशेती_खानापूर:

नमस्कार. आमच्याकडं मुधोळ कुत्री आहे, नाव तांबी, सव्वादोन वर्षांची. बाबांनी दोन महिन्यांची असताना मुधोळजवळच्या एका ओळखीच्या घरातून आणलेली. सोमवारी तिला रक्त दिसलं. हा तिसरा माज. पहिले दोन आम्ही कोंडून काढले, यावेळी लाग द्यायचा, म्हणजे नर दाखवायचा विचार आहे.

अडचण अशी की गावात शर्यतीची कुत्री पाळणारी पोरं आहेत. त्यातल्या एकाचा ग्रेहाउंड नर आहे. तो म्हणतो, लागाचे पैसे नकोत, फक्त दोन पिल्लं दे. बाबा म्हणूलालेत मुधोळचाच नर बघायचा, मग गाडीभाडं गेलं तरी चालेल. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथं विचारूलालोय. (मुलगी आहे, पण आमच्याकडं असंच बोलतात.)

दुसरं खाण्याचं. सकाळी ज्वारीची भाकरी आणि दूध, संध्याकाळी पण तेच, रविवारी कोंबडीच्या दुकानातून आणलेले पाय-माना शिजवून. वजन 20 किलो. बरगड्या दिसतात, आणि शेजारची आजी रोज म्हणते कुत्रीला उपाशी मारतेस. ती खरंच बारीक आहे की ही जातच अशी?

तिसरं, आमचं भात आणि ऊस जंगलाच्या कडेला आहे. रात्री रानडुकरं येतात. बाबांना वाटतं, तांबीला सोडलं तर ती हाकलेल. मला भीती वाटते.

वारा_चिकोडी:

ग्रेहाउंडच लाव ताई. माझ्याकडं दोन्ही आहेत. ग्रेहाउंड ताशी 70 किलोमीटरच्या आसपास जातो, मुधोळ कितीही चांगला असला तरी छोट्या अंतरात त्याच्या मागंच राहतो. क्रॉस पिल्लं उंच निघतात, दिसायला रुबाबदार, आणि गिऱ्हाईक दारात येतं. शुद्ध मुधोळ घेणारा दहा प्रश्न विचारतो.

मेंढरवाला_अथणी:

पोरी, मी अथणी तालुक्यातला. मेंढरं हायत आणि चार एकर काळं रान. आमच्या घरात ही कुत्री आज्याच्या वेळेपासून हायत. आमी त्यास्नी कारवानीच म्हणतो, शेजारचे कानडी गडी बेटे नाई म्हणतात. मुधोळ हे नाव संस्थानामुळं पडलं. मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली, पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली. 2005 साली पोस्टाच्या तिकिटावरबी चित्र आलं. पण राजाच्या आधीपासनं ती धनगराच्या आणि बेडराच्या मागनं रानात फिरत व्हती, हे ध्यानात ठेव. कारण लाग कुणाचा द्यायचा हा प्रश्न तिथनंच सुटतो.

चिकोडीच्या पोराचं वेगाचं म्हणणं खरं हाय. मीबी त्याच वेगाला भुललो व्हतो. माझी सुरमी म्हणून कुत्री व्हती, काजळाच्या रंगाची. तिला मी ग्रेहाउंडचा लाग दिला. सहा पिल्लं झाली आणि सहाच्या सहा देखणी. त्यातला एक मी ठेवला, वाऱ्या. दीड वर्षाचा झाला तवा त्याच्यासारखं पळणारं जनावर माझ्या डोळ्यानं मी तरी बघितलं न्हवतं.

चैत्र व्हता. शाळू निघालेला, रान मोकळं. काळ्या रानाला त्या दिवसांत मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वर शाळवाची धसकटं उभी असतात. वाऱ्या आणि त्याची आई सुरमी दोघं बांधावरनं सुटली, कोल्हं दिसलं म्हणून. सुरमी पळताना वाकडी-तिकडी जायची. मला पूर्वी वाटायचं ती अंग चोरते. त्या दिवशी नीट बघितलं. ती भेग टाळत व्हती. नजर कोल्ह्यावर, पण पाय जमिनीचं वाचन करत व्हते. वाऱ्या सरळ गेला. मान खाली, कान मागं चिकटलेले, बाणासारखा. मी शंभर पावलं लांब व्हतो तरी हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा. पुढचा डावा पाय, मनगटाच्या वर. तो पडला न्हाई, तीन पायांवर उभा राहिला आणि माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आणला. पाय जुळला, पण पुन्हा तो कधी सुटला न्हाई.

ग्रेहाउंडचा ह्यात काही दोष न्हाई. त्याला माणसानं सपाट, आखलेल्या ट्रॅकवर थोड्या अंतराची शर्यत पळायला घडवलाय. तिथं खाली बघायची गरज नसते. आमच्या रानात पहिल्यांदा खाली बघावं लागतं.

आणि पुढचं ऐक. वाऱ्याच्या बहिणीला मी तिच्यासारख्याच क्रॉस नराचा लाग दिला. त्या वेतात एकासारखं एक पिल्लू न्हवतं. एक मेंढराला बघून थरथरायचं, एकाची कातडी एवढी पातळ की काटेरी तारेला घासली की फाटायची, एक नुसतंच थोराड. तीन पिल्लं कुणी नेली न्हाईत. ती माझ्या दारात म्हातारी झाली. मी त्यास्नी टाकलं न्हाई. पण सुरमीची ओळ तिथंच बुडाली, आणि ती परत मिळवायला मला आठ वर्षं आणि तीन गावं फिरावी लागली. म्हणून सांगतो, बाबांचं ऐक. गाडीभाडं जाऊ दे.

नर बघताना शर्यतीतली ढाल बघू नको. त्याची आई बघ, जमलं तर आजी बघ. पाच मैल चालवून आण आणि पंजे उलटून बघ. पंजा घट्ट, सशासारखा लांबट पायजे, गादी जाड. दात कात्रीगत बसतात का बघ. अनोळखी माणूस आला की लांब राहिला तर चालतं, ह्या जातीचा स्वभावच तसा. पण भीतीनं चावायला आला तर ते पिल्लात उतरतं.

खाण्याचं. भाकरी-दुधावर कुत्रं जगतं, पण अंग धरत न्हाई. मी शाळवाच्या न्हाईतर मक्याच्या कण्या रात्री भिजत घालतो. सकाळी बिनमिठाच्या शिजवायच्या, पळीनं ढवळत, दाणा बोटात चिरडला पायजे. पातेल्यात बोट बुडवता येईल एवढं गार झालं की ताक ओतायचं. त्यात दोन उकडलेली अंडी कुस्करून. संध्याकाळी मटणाच्या दुकानातलं छाटण, आठवड्यातनं एकदा काळीज. कोंबडीचे पाय-माना देतेस, पण शिजलेलं हाड देऊ नको, ते टोकदार फुटतं आणि आतड्यात रुततं. घरच्या कालवणात कांदा-लसूण असतो, ते तिच्या ताटलीत जाऊ देऊ नको. आमच्या बाजूला द्राक्षं आणि बेदाणा, एका गड्याचं कुत्रं बेदाणे खाऊन दोन दिवसांत गेलं. मूत्रपिंडच बंद पडलं.

पळून आली की लगेच खायला घालू नको. धाप बसू दे, थोडं थोडं पाणी पाज. खाल्ल्यावर दोन-तीन तास सोडू नको. छाती खोल असलेल्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो, आणि मग हातात वेळ राहत न्हाई.

आजीला सांग, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच पायजेत. तिच्या माकडहाडाजवळ, दोन्ही पुठ्ठ्यांच्या हाडांमध्ये बोटं आडवी ठेव. तीन बोटं बसली आणि मधला भाग भरलेला लागला तर कुत्री बारीक न्हाई. पण पाठीचा मणका मणका मोजता आला तर लाग थांबव, आधी अंगावर मांस येऊ दे.

पशुवैद्य_संकेश्वर:

मेंढरवाले मामांनी बरंच सांगितलंय. मी दवाखान्यात रोज बघते त्यातलं राहिलेलं सांगते.

आधी क्रॉसबद्दल. इंग्लंडमध्ये ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्याला मेंढपाळी कुत्र्याचा किंवा टेरियरचा लाग देऊन जे कुत्रं तयार करतात, त्याला लर्चर म्हणतात. तिथले लोक वेगाच्या जोडीला अक्कल, चिवटपणा, केसाळ कातडी हवी म्हणून तो क्रॉस करतात. म्हणजे ग्रेहाउंडमध्ये जे कमी आहे ते बाहेरून आणतात. आपण उलटं करतोय. चिवट कुत्र्यात ग्रेहाउंड घालून आहे तेच घालवतोय. आणि मामांना दुसऱ्या पिढीत जे दिसलं ते नेहमीचं आहे. पहिल्या क्रॉसची पिल्लं बरीच एकसारखी निघतात, त्या पिल्लांची पिल्लं चारी दिशांना जातात.

मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. जातिवंत नराची चौकशी तिथूनही करता येईल.

आता लागाआधी. दोन्हीकडची ब्रुसेल्लाची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग लागातून पसरतो, गर्भ पडतो, आणि माणसालाही होऊ शकतो. लस आणि जंताचं औषध माज यायच्या आधी झालेलं असावं. रक्त दिसल्यापासून साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसात कुत्री नराला उभी राहते. रंग फिकट होतो, पाठीवर हात ठेवला की शेपूट बाजूला करते. लागात दोघं अडकतात, दहा मिनिटं ते अर्धा तास. तेव्हा कुणी ओढायचं नाही, पाणी मारायचं नाही. एक दिवस सोडून दुसरा लाग द्या.

गाभणकाळ सुमारे 63 दिवस. पहिले पाच आठवडे खाणं वाढवू नका. नंतर हळूहळू वाढवत शेवटी दीडपट. दूध पाजताना मात्र ती दुप्पट-तिप्पट मागेल, तेव्हा हात आखडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, गाभणपणात कॅल्शियमची बाटली सुरू करू नका. घरोघर हीच चूक बघते, मायेपोटी होते. बाहेरून कॅल्शियम मिळालं की शरीर हाडातून ते काढायची सवय सोडतं, आणि व्याल्यावर दूध एकदम उतरलं की रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. कुत्री थरथरते, धापा टाकते, पाय ताठ होतात. असं दिसलं तर पिल्लं बाजूला काढा आणि रात्र असली तरी डॉक्टर गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

कधी ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा की ही पळणाऱ्या जातीची कुत्री आहे. अंगात चरबी कमी असते. थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीतून ग्रेहाउंड गटातली कुत्री फार उशिरा बाहेर येतात. आता इतर औषधं आहेत.

खानापूरला पाऊस जास्त, भाताच्या खाचरात उंदीर. लेप्टोस्पायरोसिस (उंदराच्या मुतातून पसरणारा रोग) असलेली एकत्रित लस घ्या. मुधोळ हे कोरड्या रानातलं कुत्रं, पावसाळ्यात तिला कोरडी, उंच जागा हवी.

रानडुकरांवर मात्र सोडू नका. सुळ्यानं पोट फाटलेली कुत्री मी टेबलावर शिवलेली आहेत, सगळी वाचली नाहीत. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कुत्रं मागं लावून पाठलाग करणं हेसुद्धा शिकारीतच धरलेलं आहे, ससा असो वा डुक्कर. तुमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, तिथं ही गोष्ट साधी नाही.

मेंढरवाला_अथणी:

डॉक्टर बाईंचं बरोबर. मामाच्या जुन्या कोल्ह्याच्या गोष्टीवरनं कुणी कुत्रं सोडायला जाऊ नका. आता मीबी सोडत न्हाई. सकाळी तांबडं फुटायच्या आधी दोरीला धरून सायकलीबरोबर मऊ वाटेनं चार-पाच मैल, मग कुंपण घातलेल्या तुकड्यात मोकळं. पिल्लू असंल तर वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत गाडीमागं पळवायचं न्हाई, कोवळ्या हाडाचं टोक तोवर बसलेलं नसतं.

राखणीला एक भुंकणारं गावठी कुत्रं जोडीला ठेव. कारवानी भुंकत न्हाई फारशी, ती बघते. गावठं भुंकलं की माणसानं बॅटरी घेऊन, डबा वाजवत उठायचं. आणि रात्री तांबी आत, दार लावून. तुमच्याकडं बिबट्या हाय, त्याला कुत्रं आवडतं.

भातशेती_खानापूर:

सगळ्यांचे आभार. काल मामांनी सांगितल्यासारखी बोटं ठेवून बघितली. तीन बसली, पण मधी खोलगट लागलं. मणकेही हाताला लागतात, सगळे नाही, कंबरेकडचे. डॉक्टर ताई, मी आपल्या इथल्या दवाखान्यात नेऊन दाखवलं. ते म्हणाले जंत आहेत, गोळी दिली, आणि यावेळचा माज जाऊ द्या म्हणाले.

ग्रेहाउंडवाल्याला नाही म्हणून सांगितलं. तो रागावला नाही, पिल्लं झाली की बघायला येतो म्हणाला. बाबा म्हणूलालेत पुढच्या माजाच्या आधी, भात निघालं की मुधोळला जाऊन नर आणि त्याची आई दोन्ही बघून येऊ.

कण्या केल्या. पहिल्या दिवशी पळीनं नीट ढवळलं नाही, खाली लागल्या. आज जमल्या. तांबीनं आधी ताक चाटलं, मग अंडं शोधलं, मग सगळं पातेलं. आता ती परसात आंब्याखाली पाय पसरून झोपलीय आणि आजी कुंपणापलीकडून बघूलालीय.

मामा, एक राहिलं. मक्याच्या कण्या रोज चालतात की शाळवाबरोबर आलटून पालटून द्यायच्या?

मेंढरवाला_अथणी:

आलटून पालटून दे. मका नुसता रोज दिला तर पोट पातळ होतं एखादीचं. आणि गोळीनंतर दोन आठवड्यांनी पुन्हा तिची शी बघून घे, जंत हायत का.