१७ वर्षांच्या भाचीला डॉक्टरकडे न्यायचंय, आईवडिलांना न सांगता नेता येतं का?

लातूरची_मावशी

नमस्कार, विषय नाजूक आहे पण दुसरं कुठं विचारू कळंना म्हणून इथे लिहितेय. माझ्या बहिणीची मुलगी बारावीला आहे, नीटच्या क्लाससाठी अकरावीपासून आमच्याकडेच लातूरला राहते, बहीण आणि दाजी गावाकडं असतात अंबाजोगाईच्या पुढं. पोरगी १७ पूर्ण आहे, १८ व्हायला अजून काही महिने आहेत. परवा पोट धरून बसली होती, पाळी पंधरा दिवसांतच परत आली म्हणाली, मग मी दार लावून नीट विचारलं तेव्हा रडत रडत सांगितलं की गेल्या महिन्यात दोनदा मेडिकलमधून ती ७२ तासवाली गोळी आणून घेतली. मुलगा तिच्याच बॅचचा, तिच्याच वयाचा. जबरदस्ती काही नाही म्हणते, मी फिरवून फिरवून बऱ्याच वेळा विचारलं, तिचं उत्तर बदललं नाही.

मला तिला लेडी डॉक्टरकडे न्यायचंय. पण वय १७ सांगितलं की आईवडिलांची सही मागतात का? पोलीस केस होते असंही ऐकलंय, ते खरं आहे का? आणि या वयात रोजची गोळी वगैरे देतात का, का आणखी काही बिघडतं त्याने?

दाजींना कळलं तर शिक्षण बंद आणि उन्हाळ्यात लग्न. हे मी उगाच भीतीपोटी म्हणत नाहीये, त्यांच्या पुतणीच्या बाबतीत असंच झालंय, ती पोरगी हुशार होती हो.

डॉ_पल्लवी_स्त्रीरोग

ताई आधी तब्येतीचं बोलू, कायदा नंतर. आज उद्यात घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, सकाळची पहिली लघवी. मेडिकलमध्ये किट मिळतं, आशाताईंकडे सरकारी 'निश्चय' किट असतं. तुम्ही म्हणताय पाळी परत आली, पण या गोळीनंतर मधेच रक्तस्राव होणं कॉमन आहे आणि ती पाळीच असेल असं नाही, त्यामुळे "आली ना पाळी, सुटलो" असं समजून बसू नका. टेस्ट निगेटिव्ह आली तरी आठवड्याने परत एकदा करा. पोटात एकाच बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल, खांद्यात दुखत असेल तर टेस्टची वाट न बघता सरळ दवाखान्यात, मग सकाळ असो की रात्रीचे दोन.

आता गोळीबद्दल. ७२ तासवाली म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल, ती प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळते. जितकी लवकर घेतली तितकी चांगली, उशीर झाला की असर कमी होतो. गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडत नाही, हे बऱ्याच मुलींना माहीतच नसतं. तिने पुढे मूल होत नाही हेही खोटं आहे. पण दर वेळचा उपाय म्हणून ती चांगली नाही, रोजच्या साधनांपेक्षा फेल जायचं प्रमाण जास्त आणि पाळीचा सगळा हिशोब विस्कटतो. संबंधातून लागणारं इन्फेक्शन तर ती अजिबात थांबवत नाही.

रोजची गोळी १७ व्या वर्षी चालते. नुसतं वय कमी आहे म्हणून ती नाकारायचं काही वैद्यकीय कारण नाही. बीपी, रक्तात गाठ होण्याचा त्रास, डोळ्यापुढे चमकणारी मायग्रेन हे विचारून घ्यावं लागतं म्हणून डॉक्टर हवा. 'छाया' नावाची गोळी पण आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, हार्मोनची नाही. आणि कंडोम याच्या जोडीला हवाच.

सहीचं म्हणाल तर गर्भपाताच्या कायद्यात १८ च्या खालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते असं स्पष्ट लिहिलंय. गर्भनिरोधकासाठी असं कलम कुठे नाही. त्यामुळे होतं काय की प्रत्येक डॉक्टर आपापल्या भीतीप्रमाणे वागतो. कुणी शांतपणे तपासून गोळी लिहून देतं, कुणी "आईला घेऊन ये" म्हणून पाठवून देतं. आणि पाठवून दिलेली मुलगी आईकडे जात नाही, ती मेडिकलमध्ये जाते. नंतर माझ्यासमोर येते तेव्हा चौथा महिना चालू असतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की राग येतो आता.

विठ्ठल_परभणी

मला हे पटलेलं नाही आणि मी स्पष्ट लिहितो. मी दोन मुलींचा बाप आहे. उद्या माझी मुलगी तिच्या मावशीकडे शिकायला राहिली आणि मावशीने मला न सांगता तिला गोळ्या चालू केल्या तर मला काय वाटेल याचा कुणी विचार करणार का? गोळीचा काही त्रास झाला, ॲडमिट करावं लागलं, तर तेव्हा सही कोण करणार? पोरगी आमची, आम्ही पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरतो, आणि तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट गावातल्या मेडिकलवाल्याला माहीत पण आईबापाला नाही?

ताई तुमच्या दाजींचा स्वभाव तसा असेल, मान्य. पण तिची आई तर तुमची सख्खी बहीण आहे ना. तिला तरी सांगा. आईला डावलून केलेली गोष्ट पुढे कधीतरी बाहेर येतेच आणि मग दोन बहिणी आयुष्यभर बोलत नाहीत.

लातूरची_मावशी

दादा तुमचं म्हणणं कळतंय मला आणि बहिणीचं डोक्यात आहेच. पण तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत दाजींना कळणार, ती लपवू शकत नाही, तिचा तेवढा जोरच नाही त्या घरात.

टेस्ट केली. निगेटिव्ह आहे. आठवड्याने परत करते डॉक्टर.

ॲड_सोनवणे

ताई, अर्धवट माहिती धोक्याची म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोक्सो म्हणजे १८ च्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, तो २०१२ चा. त्याआधी संमतीचं वय १६ होतं, ते १८ झालं. म्हणजे दोघं १७ चे असले, राजीखुशीने असले, तरी कायद्याच्या नजरेत मुलीची संमती ही संमतीच नाही. मुलगाही १८ च्या आत असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. कलम १९ म्हणतं की ज्याला कुणाला अशी माहिती आहे त्याने पोलिसांना कळवलं पाहिजे. लोकांना वाटतं हे फक्त डॉक्टरला लागू आहे, तसं नाही, कुणालाही लागू आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून डॉक्टर घाबरतात, त्यांना नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय करायचं ते मी इथे उघड्यावर लिहिणार नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायकांना आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आधी तिथे जाऊन बोला, दवाखान्याच्या आधी गेलात तरी चालेल.

दुसरी गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात पालक म्हणजे आईबापच असं लिहिलेलं नाही. अल्पवयीन मुलगी जिच्या किंवा ज्याच्या देखभालीखाली आहे ती व्यक्ती पालक, अशी व्याख्या आहे. भाची तुमच्याकडे राहते, खाणंपिणं आजारपण सगळं तुम्ही बघता, तेव्हा तशी वेळ आलीच असती तर तुमची सही घ्यायला कायद्यात जागा आहे. हॉस्पिटलवाले मात्र आईबापाचाच आग्रह धरतात, त्यासाठी व्याख्या वाचून दाखवावी लागते.

आणि २९ सप्टेंबर २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, न्यायमूर्ती चंद्रचूड, बोपन्ना आणि पारडीवाला यांचा. त्यात म्हटलंय की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर गर्भपातापुरतं डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना मुलीचं नाव-गाव द्यायची गरज नाही. माहिती द्यायचीच, पण ओळख झाकून. गर्भनिरोधकाचा सल्ला घ्यायला आलेल्या मुलीबद्दल मात्र त्यात सोय नाही, म्हणजे गर्भ राहिल्यावर थोडं संरक्षण आणि गर्भ राहू नये म्हणून आली तर काहीच नाही. हे उलटं आहे आणि ते संसदेनेच नीट करायला हवं. २०२३ मध्ये विधी आयोगाने संमतीचं वय कमी करू नका असंच सांगितलं, फक्त १६ ते १८ मधल्या राजीखुशीच्या केसमध्ये शिक्षा देताना न्यायाधीशांना मोकळीक असावी असं सुचवलं. म्हणजे केस होईपर्यंतचं सगळं तसंच राहणार.

समुपदेशक_बीड_जिल्हा

मी उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशन करते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ ला सुरू झाला, १० ते १९ वयासाठी, त्याची आपल्याकडची केंद्रं म्हणजे मैत्री क्लिनिक. कागदावर सगळं छान आहे. पण मुलीला माझ्या खोलीपर्यंत यायला आधी केसपेपर काढावा लागतो, आणि खिडकीतून मोठ्याने विचारतात, वय किती, काय त्रास होतो, सोबत कोण आहे. मागे रांगेत तिच्याच गल्लीतली काकू उभी असते. बऱ्याच मुली तिथूनच परत जातात. मी आमच्याकडे एवढं करून घेतलं की किशोरवयीन म्हटलं की त्रास लिहायचा नाही, नुसता खोली नंबर लिहायचा. एवढ्यानेही फरक पडला.

आणि विठ्ठलदादा, आईबापांचा हक्क मी नाकारत नाही, पण आमच्या भागातलं दुसरं चित्र बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये जवळपास २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं, बीड परभणीत तर याच्या कितीतरी वर. ऊसतोडीला जायच्या आधी उरकून टाकतात, पोरगी एकटी मागे कशी ठेवायची म्हणून. तिथे आईबापांची संमती शंभर टक्के असते. त्या पोरीला गर्भनिरोधक हवं का हे मात्र कुणी विचारत नाही, ना नवरा ना सासू. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने १८ च्या आतल्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच असं सांगितलं, ते बरोबरच आहे, पण आता त्या मुली दिवस गेल्यावर नाव नोंदवायला येतच नाहीत, नवऱ्यावर केस होईल म्हणून. आल्या तर वय १९ सांगतात. समोर बसलेलं लेकरू १६ चं आहे हे मला दिसत असतं.

ताई, येताना शाळेतल्या त्रासासाठी किंवा पाळीच्या तक्रारीसाठी म्हणून आणलंत तरी चालतं. जबरदस्ती नाही म्हणते ते मी तिच्याशी एकटीने बोलून परत बघेन, तुम्ही खोलीत नसताना. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, मोबाईलमधले फोटो दाखवून धमकावण्याचे प्रकार फार वाढलेत आणि ते मावशीसमोर सांगत नाहीत मुली. तसं काही निघालं तर मग लपवाछपवी नाही, सरळ तक्रार, मुलांची हेल्पलाइन १०९८ आहेच.

मेघना_लेस्टर

मी नाशिकची, इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे, लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकमध्ये काम करते. हाच वाद इथे ८० च्या दशकात कोर्टात गेला होता. गिलिक नावाच्या एका आईने केस केली की माझ्या मुलींना १६ च्या आत माझ्या परवानगीशिवाय गर्भनिरोधकाचा सल्ला देऊ नका. १९८५ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वात वरच्या कोर्टाने, निकाल तिच्या विरोधात दिला. पण म्हणून कुणी येईल त्याला गोळ्या वाटा असं नाही, आम्हाला बघावं लागतं की मुलीला सगळं नीट समजतंय का, तिला आईवडिलांना सांगायला आपण समजावलं का, गोळी नाही दिली तरी ती संबंध ठेवणारच आहे का, न दिल्याने तिच्या तब्येतीचं नुकसान होईल का. आणि १३ च्या आतली असेल तर बालसंरक्षणवाल्यांना कळवायचंच, तिथे गुप्तता नाही.

आईवडिलांना सांग हे पहिल्या भेटीतच म्हणायचं असतं आम्हाला, फक्त त्याची अट घालायची नाही. आणि गंमत नाही खरं सांगते, एकदा विश्वास बसला की बऱ्याच मुली दुसऱ्या तिसऱ्या वेळी आईला घेऊनच येतात.

विठ्ठल_परभणी

केसपेपरचं वाचून वाईट वाटलं. माझं मत आईला सांगावं हेच आहे, ते बदललेलं नाही. पण दाजी लग्न लावून देतील अशी खात्रीच असेल तर निदान मुलगी १८ ची होऊन परीक्षा होईपर्यंत थांबा आणि मग बहिणीला सांगा, कायमचं लपवू नका. आणि त्या मुलाच्या घरी कोण बोलणार? त्याला काहीच नाही का, सगळ्या गोळ्या आणि सगळ्या टेस्ट हिनेच?

अनामिका_२४

शेवटच्या प्रश्नासाठी विठ्ठलकाकांना खरंच थँक्यू. मी याच वयात मेडिकलमध्ये उभी राहिलेय, दुकानदाराने गोळी पेपरात गुंडाळून दिली आणि सुट्टे पैसे काउंटरवर ठेवले, हातात नाही दिले. मित्र रस्त्याच्या पलीकडे गाडीवर बसून होता. मला तेव्हा असं एक मोठं माणूस हवं होतं ज्याला विचारता आलं असतं की पोट दुखतंय हे नॉर्मल आहे का. मावशी तुम्ही तिला ओरडला नाहीत ना, प्लीज ओरडू नका, तिने एकदा सांगितलंय, तुम्ही चिडलात तर दुसऱ्यांदा नाही सांगणार ती.

लातूरची_मावशी

ओरडले नाही गं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले थोडी.

सगळ्यांचे आभार. सोमवारी विधी सेवाच्या ऑफिसला जाते, मिस्टरांना सांगितलंय, ते सोबत येणार आहेत. तिथल्या वकिलांना विचारून मग डॉक्टरकडे. पोरीला पण सगळं वाचून दाखवलं, कायद्याचं सुद्धा, ती म्हणाली मुलाशी ती स्वतः बोलणार आणि तोवर भेटायचं बंद. बहिणीला परीक्षेनंतर मी स्वतः गावी जाऊन सांगणार, दाजी शेतावर असतील तेव्हा.

डॉक्टर एक राहिलं, दुसरी टेस्ट पण निगेटिव्ह आली आणि तरी पाळी आली नाही तर किती दिवस वाट बघायची?

डॉ_पल्लवी_स्त्रीरोग

तारीख उलटून आठ दिवस, त्याच्या पुढे नाही. मग रक्ताची टेस्ट आणि गरज पडली तर सोनोग्राफी. आणि येताना तिच्या पाळीच्या मागच्या तीन तारखा आणि दोन्ही गोळ्या कोणत्या दिवशी घेतल्या ते कागदावर लिहून आणा, तिला आठवत नसेल तर मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये क्लासच्या टेस्ट बघून काढता येतात.