भाडेपट्ट्यातलं ‘डिमाइज्ड’ म्हणजे काय?

सुरसागरकाठची: बाबांना जाऊन तीन महिने झाले. आमचं दांडिया बाजारातलं दुकान आजोबांनी भाड्याने दिलं होतं, त्याचा जुना इंग्रजी पट्टा काल कपाटातून काढला. पानोपानी ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’. बाबांच्या ऑफिसातल्या फलकावरही ‘सॅड डिमाइज’, म्हणजे दुःखद निधन, असं लिहिलं होतं, त्यामुळे आईला तो शब्द ओळखीचा. तिने कागदावर बोट ठेवलं आणि एकदम गप्पच झाली. दुकानाच्या कागदात हा शब्द कशाला?

रावपुऱ्याचे काका: ताई, आधी आईंना सांगा, त्यात अशुभ काहीही नाही. मी चाळीस वर्षं दस्त लिहिले, हा शब्द हजार वेळा लिहिला असेल. डिमाइज म्हणजे मुळात मिळकतीचा हक्क दुसऱ्याकडे सोपवणं, पट्ट्याने नाहीतर मृत्युपत्राने. शब्द जुन्या फ्रेंचमधला, मुळाशी लॅटिन ‘मित्तेरे’, म्हणजे सोडणं, पाठवणं. ‘डिसमिस’ त्याच घरातला. म्हणजे तुमच्या कागदात ‘पट्ट्याने दिलेली जागा’ एवढंच म्हटलंय.

‘प्रिमायसेस’चं मूळही तेच, अर्थ ‘आधी मांडलेलं’. दस्तात सुरुवातीला मिळकतीचं वर्णन यायचं आणि पुढे दर वेळी नुसतं ‘प्रिमायसेस’. आपण ‘सदरहू मिळकत’ लिहितो ना, अगदी तसं. लिहून लिहून इंग्रजीतल्या या ‘सदरहू’चाच, म्हणजे ‘प्रिमायसेस’चा, अर्थ जागा, इमारत असा झाला!

मांडवीकर: मग निधन कुठून आलं?

रावपुऱ्याचे काका: राजगादीवरून. इंग्लंडात राजा गेला की गादी त्याच क्षणी वारसाकडे जाते, त्या जाण्याला ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणतात. गादी बहुधा मरणानेच हलायची, म्हणून शब्द मरणाला चिकटला. पण 1936 साली आठव्या एडवर्डने गादी सोडली, तेव्हाच्या कायद्यातही ‘डिमाइज ऑफ द क्राउन’च आहे. माणूस त्यानंतर 1972पर्यंत हयात होता.

शोकपत्रात हा शब्द मला तरी परका वाटतो. घरच्या माणसाबद्दल ‘बाबा गेले’ म्हणावं.

सुरसागरकाठची: काका, आईला हे सगळं वाचून दाखवलं. सदरहूचं तिला लगेच पटलं. नवा पट्टा करताना शब्द बदलला तर चालेल?

रावपुऱ्याचे काका: चालेल. ‘पट्ट्याने दिलेली जागा’ लिहा. फक्त पहिल्या पानावर जो शब्द ठरवाल तोच शेवटच्या ओळीपर्यंत ठेवा. मध्येच ‘दुकान’, मध्येच ‘गाळा’ झालं की पुढे वाद होतात.