घरचं चैत्रातलं हळदीकुंकू: तुमच्याकडे तयारी कशी असते?

अंगणवेल
काल माळ्यावरून गौरीचा पितळी झोपाळा काढला. चिंचेनं घासताना कडीत अडकलेला जुन्या कापसाच्या वस्त्राचा तुकडा निघाला आणि आजीच्या घरचं हळदीकुंकू आठवलं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत आळीत सारखी बोलावणी. आजी आधी सगळ्यांचे वार विचारून घ्यायची, मग आपला ठरवायची. चैत्रांगण मात्र कुणाला काढू द्यायची नाही. कासव, गोपद्मं, शंख, चक्र, सूर्य-चंद्र, सगळ्या रेघा एका जाडीच्या. यंदा पहिल्यांदाच माझ्या घरी चाळीसेक जणींना बोलावतेय. दोन खोल्या, मदतीला सासूबाई आणि नववीतली लेक. तुम्ही कसं करता? आठवणीही लिहा.

कैरीची_फोड
चाळीस जणींना १ किलो हरभरा डाळ पुरते, भिजून जवळजवळ दुप्पट होते. ४-५ तास भिजव, चाळणीत पूर्ण निथळू दे, मिरच्या घालून भरड वाट. पाण्याचा थेंब नको. किसलेली कैरी वेगळी, खोबरं वेगळं, फोडणी गार करून ठेवायची. मीठ-साखर बायका यायच्या जरा आधी, नाहीतर पाणी सुटून गिच्च होते. आणि या उकाड्यात डाळ लगेच आंबते गं, वाटलेली फ्रिजमध्येच ठेव.

वऱ्हाडी_ऊन
आमच्याकडे नागपुरात एप्रिलात पारा ४२ च्या वर. दिवेलागणीआधी कोण येणार! माठात वाळ्याची जुडी, दारातून आत आली की आधी पाणी, मग हळदीकुंकू. आईचा नियम. बाकी काही कमी पडलं तर पडू दे, माठ दोन हवेतच.

खिडकीपाशी
विषय थोडा सोडून लिहितेय. बाबा गेल्यावर आई हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर यायचीच नाही. कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, वाटीभर गराला दीड वाटी गूळ, वेलची, केशर, चिमूटभर मीठ, सगळं तिच्या हातचं. बाहेर बायका म्हणायच्या "पन्हं काय सुरेख झालंय" आणि ती आत पेले विसळत असायची. मला ते बघवायचं नाही. एका वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तिचा हात धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. दोघी-तिघी एकदम गप्प. तेवढ्यात शेजारच्या काकू उठल्या, त्यांनीही लावलं. मग बाकीच्या. आईनं स्वतःच्या पन्ह्याचा पेला पहिल्यांदा सगळ्यांत बसून प्यायला. तेव्हापासून आमच्या बोलावण्यातून कुणी वगळायचं नाही. अंगणवेल, तुझ्या ओळखीत अशा कुणी असतील तर पहिला फोन त्यांना कर.

अंगणवेल
डोळे भरून आले. आमच्याच मजल्यावर आहेत एक काकू. फोन कशाला, आत्ताच जाऊन सांगते.

शिट्टी_झाली
खिडकीपाशी, तुझ्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांग. कुकर उतरवते, नंतर लिहीन.

सातासमुद्रापार
आम्ही न्यू जर्सीत. इथे शनिवारी. ऑफिसं असतात ना सगळ्यांची. देशी दुकानात कैऱ्या दिसल्या की घेऊन किसून फ्रीझरमध्ये टाकते. नवरे, पोरं सगळेच येतात, म्हणून पावभाजी ठेवावीच लागते. आमच्याकडे कलिंगडाचं कमळ मामा कापायचे, आता व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलाला शिकवतात.

कैरीची_फोड
कलिंगडाचं कमळ! सुरी कुठली वापरतात?

सातासमुद्रापार
साधीच, टोकदार. मधोमध तिरपे-तिरपे वार, पार आतपर्यंत गेले पाहिजेत, मग दोन्ही भाग अलगद सुटतात. फळ आधी थंड केलं तर चिरत नाही म्हणे, मामांचं मत.

ठाण्याचा_दादा
आमच्या घरी हरभरे माझ्याकडे असतात. रात्री भिजवायचे, सकाळी पाणी बदलायचं, दुपारी उपसून पंचावर पसरायचे. ओले दिले की पदर भिजतात. कागदी पुड्या लेकीकडून आधीच करून घे. गजरे फूलवालीला आदल्या दिवशी सांग, आणले की ओल्या फडक्यात. दोन खोल्यांत चाळीस जणी एकदम मावायच्या नाहीत, "५ ते ९ कधीही या" असं सांग, ये-जा राहते. आणि डाळ द्यायला एका भाचीला वगैरे बसव, म्हणजे तुलाही दोन घटका बायकांत टेकता येईल. माझी बायको वर्षानुवर्षं ओट्यापाशीच उभी असायची, ते मला पटत नव्हतं.

बेळगावची_पोर
आमच्या शेजारच्या कन्नड मावशी रामनवमीला पानकाबरोबर कोसंबरी द्यायच्या, मुगाच्या डाळीची. आपली आंबेडाळ त्यांना फार आवडायची. डब्यांची अदलाबदल चालायची नुसती.

वऱ्हाडी_ऊन
कोसंबरीत काकडी असते का?

बेळगावची_पोर
हो, बारीक चिरून. मूगडाळ भिजवून तशीच कच्ची, वाटायची नाही. खोबरं, कोथिंबीर, लिंबू, वरून मोहरीची फोडणी.

अंगणवेल
काकू येणार आहेत! चैत्रांगणही त्याच काढणार म्हणाल्या. सासूबाई विचारताहेत, पन्ह्याला गूळ की साखर?

खिडकीपाशी
गूळ.

ठाण्याचा_दादा
गूळच.

शिट्टी_झाली
आमच्याकडे साखर. रंग कसा छान पिवळा राहतो.

कैरीची_फोड
अगं, पन्ह्यात साखर?? थांब, आईलाच विचारून येते.